बर्फातली बाही

३ जुलै

धाकट्या,

फोनवर तू "हं, हं, बरंय" करतोस आणि ठेवून देतोस, म्हणून पत्र लिहितेय. पत्रही मधेच ठेवून देता येतं म्हणा, पण निदान मला ते दिसत नाही.

मी ठीक. गुडघा आहे तसाच आहे. बर्फाच्या कारखान्यात मालक नवीन आलाय, बर्फ जुनाच आहे. गाड्या भरायच्या फलाटावर अजून मीच असते. कोणाची गाडी आधी लागायची, कोणाची मागे, ते मीच ठरवते आणि त्यावरून रोज भांडते. घसा चांगला राहतो त्याने.

तू पाठवलेला स्वेटर मिळाला. लाल आहे, लोकर चांगली आहे. भिंगरीला बाह्या कोपरापर्यंत येतात आणि खाली पोट उघडं राहतं. तू गेलास तेव्हा पोरगी केवढी होती तेच डोक्यात धरून घेतलास वाटतं. अरे, दोन वर्षं झाली. पोरं वाढतात. दुकानात कोणाला विचारलं असतंस तरी सांगितलं असतं त्याने.

आता तिचं एक नवीन खूळ ऐक. शाळेत भिंतीवर जगाचा नकाशा आहे. त्यात सगळ्यात तळाला एक पांढरा पट्टा आहे. तिला तिथे जायचंय. अंटार्क्टिका म्हणतात त्याला. हा शब्द मी तिला विचारून लिहिला, दोनदा खोडला. यापुढे मी "खालचं" असं लिहीन, तू समजून घे.

उठता बसता तेच. किती लांब आहे, जहाज जातं का, बस जाते का. मी म्हटलं, बर्फच बघायचाय ना, मग आपल्याकडे काय कमी आहे? रोज गाड्या भरून जातोय. तर म्हणते, "आत्या, हा विकायचा बर्फ आहे. तो राहायचा आहे." सात वर्षांची आहे. तोंड तुझ्या बायकोचं घेतलंय, तिलाही उत्तर कधी शोधावं लागलं नाही.

बाकी खातेपिते. दिवा लावून झोपते, हा एक ताप आहे. झोपते कसली, डोळे उघडे ठेवून पडते आणि माझ्याकडे बघत राहते. मी दिवा बंद केला की उठून परत लावते. विचारलं तर म्हणते, असंच.

तिला दोन ओळी लिही. तू तिकडे वाळवंटात पाइप जोडतोस ते कसं जोडतोस, ते लिही. काहीही लिही. तू कधी येणार हे ती विचारत नाही. विचारत नाही म्हणूनच सांगतेय.

ताई


१९ जुलै

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. इथे काय झालं ते ऐक, हसशील तरी.

काल सकाळी मी फलाटावर गाड्या लावत होते, तेवढ्यात मासळीवाली आली. बंदरावरची, आपली जुनी गिऱ्हाईक, जिचा आवाज आधी येतो आणि मागून ती येते. माझ्या खिडकीसमोर उभी राहिली आणि हातातली पिशवी उलटी केली. आतून ओला स्वेटर पडला. लाल.

"हे काय?" मी म्हटलं.

"ते तुम्ही सांगायचं, ताई. मी बर्फाची लादी मागितली होती, कपडे नव्हते मागितले."

"माझ्याकडून नाही गेला."

"मग कोलंबीने विणला का? माझा माणूस लादी फोडत होता. आतून एक बाही वर आली. तो घण टाकून जो पळाला तो अजून परत आला नाही. ओरडत गेला, आत कोणीतरी आहे."

मी मशीनमामाला हाक मारली. कॉम्प्रेसरवर बसतो तो. भिंगरी त्याला मशीनमामा म्हणायला लागली, आता मालकही तेच म्हणतो. तो आला आणि छताकडे बघत उभा राहिला. मला लगेच कळलं. चोरी पकडली गेली की पुरुषमाणसं छताकडे बघतात, तूही बघायचास.

तेवढ्यात भिंगरी खिडकीच्या खोलीतून बाहेर आली. शाळा सुटल्यावर तिथे बसते ती, शाळेला सुट्टी असली की सकाळपासून. स्वेटर बघून म्हणाली, "हा पोचला नाही?"

"कुठे पोचायचा होता?"

"खाली."

मग निघालं सगळं. मामाने तिला दाखवलं होतं, लोखंडी डब्यात पाणी भरतात, डबे मिठाच्या गार पाण्याच्या टाकीत सोडतात, बर्फ कडेने धरत आत येतो आणि मधलं पाणी सगळ्यात शेवटी गोठतं. एवढं ऐकून हिने ठरवलं की मधे काही सोडलं तर ते बरोबर मधेच राहणार. मामा चहाला गेला, हिने फळी सरकवून स्वेटर डब्यात सोडला. तो नीट मधोमध राहावा म्हणून वरून दोरीने बांधला. मामाने लादी काढताना दोरी बघितली, पण त्याला वाटलं गोणपाटाचा धागा असेल.

"आपला बर्फ होडीत जातो," ती म्हणाली. "होडी समुद्रात जाते. समुद्र सगळा एकच आहे, नकाशात बघ. मग बर्फ आपल्या जागी जाईल की नाही?"

"आणि स्वेटर कशाला पाठवलास?"

"मला होत नाही. तिथे पक्षी आहेत, माणसांसारखे उभे राहतात. त्यांना बरोबर बसेल."

मासळीवाली खाली बसली आणि डोळ्याला पदर लावून हसली. भांडण विसरली, हे मला बरंच पडलं. मग हिला म्हणाली, "अगं बये, आमच्या होड्या संध्याकाळी घरी येतात. एवढ्या लांब कुठे जातायत?"

"एकही पुढे जात नाही?"

"पुढे जातात ती मोठी जहाजं. ती पलीकडच्या धक्क्याला लागतात. त्यांनाही तुझ्या आत्याचाच बर्फ जातो, बंद गाडीतून. तिला विचार."

भिंगरीने मला काही विचारलं नाही. आत जाऊन गणितं करत बसली. म्हटलं, बरं झालं, उतरलं खूळ.

स्वेटर वाळत घातलाय. आकसला नाही. तसा आणखी आकसायला काही उरलंही नव्हतं.

ताई


६ ऑगस्ट

धाकट्या,

घाईत लिहितेय. भिंगरीला सर्दी आहे. ताप होता, उतरला. डॉक्टरांनी छाती तपासली, साफ आहे म्हणाले.

बुधवारी ती जरा बंदरापर्यंत गेली होती, आली परत. मासळीवालीने आणून सोडलं. काळजीचं काही नाही. तुला दुसऱ्या कोणाकडून काही कळलं तर लोक वाढवून सांगतात हे ध्यानात ठेव.

कारखान्याच्या बंद गाड्यांच्या दारांना आतून कडी नव्हती. सगळ्या गाड्यांना बसवून घेतली. मालक कुरकुरला, मी ऐकलं नाही. हे आपलं असंच सांगितलं.

तिची मापं पाठवतेय मागच्या बाजूला. हात, छाती, उंची. पुढच्या वेळी बघून घे.

ताई


१७ ऑगस्ट

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. दोन वर्षांत पहिलं, आणि तेही पान भरून ओरडलेलं. हरकत नाही, पेन तरी सापडलं तुला.

मशीनमामाने फोन करून सांगितलं तर. त्याला मी बोलायचं ते बोलले. आता त्याने अर्धं सांगितलंय तर पुरतं मी सांगते, नाहीतर तुझ्या डोक्यात भलतंच काही शिजत राहील.

त्या बुधवारी ती शाळेतून दप्तर घेऊन सरळ फलाटावर आली. माझी तिच्याकडे पाठ होती. एकाने रांग मोडून गाडी पुढे घातली होती, त्याच्याशी चालू होतं माझं. मोठ्या धक्क्याला जाणारी बंद गाडी भरून तयार होती. ही मागून चढली आणि गोणपाटांच्या आड बसली. ड्रायव्हरने दार लावलं आणि निघाला. आत बर्फ, काळोख आणि ही. मला वाटलं ती मामाजवळ आहे. मामाला वाटलं माझ्याजवळ आहे. तिला आम्हा दोघांना काय वाटेल ते बरोबर माहीत होतं.

नशीब एवढंच की ती गाडी जाता जाता मासळीवालीच्या लाद्या उतरवते. तिने दार उघडलं तर समोर ही, अंगावर गोणपाट, हातांत माझे पायमोजे घातलेले, ओठ निळे. मासळीवालीला म्हणाली, "आलं का?"

तिने हिला उचललं, पोटाशी धरलं, मासळीच्या वासासकट, आणि ड्रायव्हरला गाडी मागे फिरवायला लावली. माझ्याकडे आली तेव्हा एवढंच म्हणाली, "घ्या. आणि मला आज काही बोलू नका, ताई, मी बसते जरा."

दप्तरात ब्रश होता, दोन पाव होते, आणि तो लाल स्वेटर. घडी घालून.

मी तिला एक ठेवून दिली. मग गरम दूध दिलं. मग तिचे पाय माझ्या मांडीवर घेऊन चोळत बसले. एवढंच झालं. गाडी मधे थांबली नसती तर काय, ते तू चार वेळा लिहिलंयस. एकदाही लिहायची गरज नव्हती. मी रोज ती गाडी सुटताना बघते.

आता तुझं हॉस्टेल. मुलींचं आहे, स्वच्छ आहे, तुझ्या साहेबांच्या ओळखीचं आहे, सगळं वाचलं. माझं वय झालंय, माझ्याच्याने लक्ष ठेवणं होत नाही, हेही वाचलं. ह्या वेळी नाहीच झालं, त्यावर मी काय बोलू.

तू लिहितोस की हॉस्टेलची बाई न्यायला येईल. रात्रीची गाडी आहे. भिंगरी झोपेत असेल, तशीच उचलून सीटवर ठेवायची, सकाळी उठेल तेव्हा तिकडे पोचलेली असेल. म्हणजे रडारड व्हायची नाही.

रडारड मलाही चालत नाही, तुला ठाऊक आहे. आपली आई गेली तेव्हाही मी आधी पाणी तापवायला ठेवलं होतं. तेव्हा तू म्हणतोस ते सोयीचं आहे. बघते. महिनाअखेरीपर्यंत कळवते.

तिला अजून काही सांगितलेलं नाही.

ताई


२ सप्टेंबर

धाकट्या,

त्या बाईला पाठवू नकोस. पाठवलीस तर मी दार उघडणार नाही, आणि माझं दार कसं आहे तुला माहीत आहे, आतून अडसर लावला की हत्तीला उघडत नाही.

कारण सांगते. नीट वाच, मधे चहाला उठू नकोस.

मी शाळेत गेले होते. दाखला काढायचा तर बाईंना सांगावं लागणार. तिथे भिंतीवर तो नकाशा होता. मी बाईंना म्हटलं, तुम्ही पोरीच्या डोक्यात हे काय भरवलंत? निम्मा जीव गेला होता तिचा. त्या बिचाऱ्या घाबरल्या. म्हणाल्या, मी खंडांची नावं सांगत होते, बाकी मुलांनी सिंहाचं विचारलं, हत्तीचं विचारलं, हिने हात वर करून विचारलं की असा कुठला देश आहे का जिथे रात्र होत नाही. त्यांनी सांगितलं की अगदी खाली, मधोमध, सहा महिने सूर्य मावळतच नाही. मग वर्ग संपला तरी ही नकाशासमोरून हलेना.

मी घरी आले. दाखल्याचं काही बोलले नाही. संध्याकाळी तिची वेणी घालत होते. वेणी घालताना ती पळू शकत नाही, म्हणून विचारायचं ते मी तेव्हाच विचारते.

"खाली जाऊन करणार काय तू?"

"काही नाही. राहणार."

"आणि झोपणार कुठे?"

"कुठेही. तिथे उजेडच असतो."

"उजेडात झोप लागते होय?"

"लागली तरी चालतं. कोणी उठून गेलं तर दिसतं ना."

मी कंगवा थांबवला नाही. म्हटलं, "कोण जातंय उठून?"

"आई गेली. बाबा गेला. मी झोपले की जातात." आणि मग, "आत्या, दुखतंय, हळू ओढ."

मी हळू ओढलं.

थोड्या वेळाने मी म्हटलं, "सहा महिने उजेड, मग उरलेले सहा महिने रात्रच असेल की तिथे."

"तेव्हा इकडे यायचं," ती म्हणाली. सगळं ठरवून ठेवलंय बघ.

धाकट्या, तुझ्या बायकोला रात्री दवाखान्यात नेलं तेव्हा ही तिच्या कुशीत झोपली होती. उठली तेव्हा आई नव्हती, ती नाहीच आली परत. तू निघालास तेव्हा पहाट होती. तू तिला उठवलं नाहीस, उशाशी बिस्किटांचा पुडा ठेवलास आणि चपला हातात घेऊन जिना उतरलास. मलाही ते बरंच वाटलं तेव्हा. सकाळी ती उठली, पुडा बघितला, रडली नाही. मी सगळ्यांना सांगत सुटले, किती शहाणी पोरगी आहे, रडली नाही. तो पुडा तिने फोडला नाही. शेवटी मुंग्या लागल्या तेव्हा मी टाकला.

दिवा का लागतो ते आता कळलं. ती माझ्याकडे बघत पडते ते का, तेही कळलं. पहारा देते ती माझ्यावर. आणि आपण दोघं काय ठरवत होतो? झोपेत उचलून गाडीत घालायचं. सकाळी उठली असती तर मीही गेलेली असते.

तेव्हा आता असं कर. हॉस्टेलला घालायची असेल तर घाल, बाप तू आहेस. पण ते तू इथे येऊन तिच्या तोंडावर सांग, ती जागी असताना, दिवसाउजेडी. तिला जे विचारायचं ते विचारू दे. रडली तर रडू दे. मी भांडी घासत बसेन, मला ऐकू येणार नाही.

रजा मिळत नाही हे लिहू नकोस. माणसं मरतात तेव्हा रजा मिळते, म्हणजे रजा असते.

ताई


१४ सप्टेंबर

धाकट्या,

येतोयस ते कळलं. चार दिवस तर चार दिवस.

रात्रीच्या गाडीने पहाटे येऊन टपकू नकोस. स्टँडवर बस हवं तर, पण घरात ये ती ऊन पडल्यावर. तू येणार हे मी तिला सांगितलंय. ती म्हणाली, "बरं." मग आत जाऊन कपाटावरचं सामान उतरवून परत लावलं. तिचं असं असतं.

बाहुली आणू नकोस, ती खेळत नाही. बिस्किटं आणू नकोस, कारण तुला कळलंच असेल. आल्या आल्या तिला जाण्याचा दिवस सांग. आधी तो, मग बाकी लाड. मापं पाठवलीयत ती हरवली असतील तर तसं सांग, पुन्हा लहान कपडा आणू नकोस.

आणि दाढी करून ये. फोटोत तू दाढी केलेला आहेस.

ताई


९ ऑक्टोबर

धाकट्या,

पोचल्याचं कळलं. तुझी गाडी सुटेपर्यंतचं तू बघितलंस. पुढचं तुला दिसलं नाही, म्हणून लिहिते.

तू आलास त्या दिवशी दारातच तिने विचारलं ना, "कधी जाणार?" आणि तू आधी माझ्याकडे बघितलंस. मी मुद्दाम भिंतीकडे बघितलं. मग तू म्हणालास, "रविवारी, दुपारच्या गाडीने." तेव्हा ती जी आत पळाली, ती रुसली असं तुला वाटलं. नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रविवारवर गोल काढायला गेली होती. मग आली आणि तुझी बॅग उघडली. त्या आधी नाही उघडली.

पहिल्या रात्री ती भिंतीला टेकून बसून राहिली हे तू बघितलंस. तू पण बसून राहिलास, हे मी बघितलं. दोघांची मान सकाळी वाकडी. दुसऱ्या दिवशी मशीनमामा म्हणाला, बापलेक दोघं एकाच कडेने झोपलेत वाटतं. त्या रात्री ती आडवी झाली, पण तुझ्या शर्टाचं टोक मुठीत धरून. तिसऱ्या रात्री मूठ सुटली. तू घोरत होतास.

आता रविवार. तू खिडकीतून हात हलवलास, तिने हलवला, गाडी कोपऱ्यावरून वळली. तोवर शहाण्यासारखी उभी होती. वळल्यावर तिने जो गळा काढला, धाकट्या, स्टँडवरचा पंखा बंद पडेल असं वाटलं. चौकशीच्या खिडकीतला माणूस उठून उभा राहिला. एक बाई मला म्हणाली, "काय हो, मारलंत का पोरीला?" मी म्हटलं, "नाही, बाप गेला." ती म्हणाली, "अरेरे, कशाने?" मी म्हटलं, "बसने."

ती पायरीवर बसून रडत राहिली. मी बाजूला बसले. मला काही सुचत नाही अशा वेळी, पाणी तापवायलाही तिथे काही नव्हतं. मग हळूहळू हुंदके राहिले, मग उचकी राहिली. मग म्हणाली, "भूक लागली." आम्ही स्टँडवरच पाव आणि दूध घेतलं. तिने माझ्या पावाचाही अर्धा खाल्ला.

वाटेत मासळीवाली भेटली. "गेला का बाप?" तिने विचारलं.

"हो," भिंगरी म्हणाली. "मी बघितला जाताना. निळी गाडी होती. डाव्या बाजूला बसला."

असं सांगितलं जसं काही तीच गाडी सोडून आली. मग कारखान्यात मामाला सांगितलं, ड्रायव्हरला सांगितलं, दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंना सांगितलं. निळी गाडी, डावी बाजू. आख्ख्या गावाला माहीत आहे तू कुठल्या सीटवर बसलास.

दिवा अजून लागतो. खोटं कशाला सांगू. पण आता बाहेरच्या खोलीतला पुरतो, मधलं दार अर्धं लोटलं तरी चालतं. माझ्याकडे तोंड करून पडते आणि माझ्या आधी झोपते.

हॉस्टेलचं तू चार दिवसांत काढलं नाहीस. मी पण काढलं नाही. शाळेतला दाखला शाळेतच आहे.

तू आणलेला कोट. मापं पाठवूनही तू ह्या वेळी एवढा मोठा कसा आणलास, ते दुकानदार जाणे आणि तू जाणे. तिच्या घोट्यापर्यंत येतो, हात आत कुठेतरी हरवतात. घालून ती फलाटावर फिरली तेव्हा मामा म्हणाला, कोट आला, आतलं माणूस कुठाय?

काल मी तिला विचारलं, "अजून जायचंय का खाली?"

"हो मग," ती म्हणाली.

"आता कशाला? आता तर रात्रीही तू झोपतेस."

"पक्षी बघायला," ती म्हणाली. "आणि जाताना तुला सांगून जाणार. बाबाला पण. आणि परतीचं तिकीट काढणार."

मी सुईदोरा काढला होता. म्हटलं, आण तो कोट, बाह्या आतून दुमडून टाके घालते, म्हणजे आत्ताच वापरता येईल. तिने दिला नाही. खुंटीला लावला, खाली ओढून सरळ केला, आणि म्हणाली, "राहू दे तसाच. मी जाईन तेव्हा बरोबर होईल."

ताई